सूचना: कोदिचे फिस्काले काढताना

इटलीत शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या सभासदांसाठी.

हा कर-कोड आजेन्झिया देल्ले एन्त्राते या कर कार्यालयात फुकट मिळतो; एजंटला पैसे देऊ नका. भरलेला एए४/८ अर्ज, पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स न्या. नाव पासपोर्टवर आहे तस्सेच लिहा. वडिलांचे नाव एका ठिकाणी घातले, दुसरीकडे गाळले की कोडची अक्षरे बदलू शकतात आणि पुढे बँकेत, भाडेकरारात अडते.

कोड खिडकीवरच तपासा: एकूण १६ अक्षरे-अंक. स्त्रियांच्या जन्मदिवसात ४० मिळवतात, म्हणजे ७ तारखेचे ४७ होतात. ती चूक नव्हे. जन्म भारतातला असल्यास शेवटच्या अक्षराआधी झेड२२२ हवे. वेबसाइटवर स्वतः काढलेला कोड मात्र नोंदीशिवाय कुचकामी.