काच बघायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण आभाराचं पहिलं वाक्य संपायच्या आत तुम्ही विषय बदलता, हे मला ठाऊक आहे. शिवाय काचेचं काम करू पाहणाऱ्या इतरांच्याही हे उपयोगी पडेल, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

प्रदर्शनाला तुमच्याबरोबर जायचं तर पहिली फेरी पाट्या न वाचता मारायची, हा तुमचा नियम. त्यानंतर दिवे कुठे लावलेत ते बघायचं आणि मग वस्तूकडे वळायचं. काचेला तिचा एकच असा रंग नसतो, हे तुम्ही ब्रिटिश म्युझियममधल्या लायकर्गस कपाचे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवलंत. चौथ्या शतकातला हा रोमन पेला. बाहेरून उजेड पडला की हिरवा, आतून उजेड आला की लालभडक. काचेत सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण, साधारण 70 नॅनोमीटरचे, विखुरलेले असल्यामुळे हे घडतं. त्या दिवसापासून मी कुठल्याही काचेच्या वस्तूसमोर एका जागी उभी राहू शकलेले नाही. मागे जाते, खाली वाकते, चौथऱ्यावर पडलेली तिची सावलीही बघते.

स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा या चेक दांपत्याच्या ओतीव शिल्पांवर तर तुम्ही कितीतरी वेळ बोलला होतात. एकाच रंगाची काच, पण पातळ भागात ती उजळ दिसते आणि जाड भागात जवळजवळ काळी. रंग भरायचा नाही, जाडी ठरवायची. माझं आजचं सगळं काम त्या एका गोष्टीवर उभं आहे.

आणि ती रडणारी काच! जुन्या वस्तूंच्या दालनात सगळे एका नाजूक पेल्याच्या कोरीव कामाकडे बघत होते. तुम्ही मात्र मला त्याच्या पृष्ठभागावरचा ओलसर चिकटपणा आणि केसासारख्या तड्यांचं जाळं दाखवलंत. काच बनवताना क्षार जास्त आणि चुना कमी पडला, तर हवेतली ओल ते क्षार बाहेर ओढत राहते. मग काच पाझरते, पुढे तडकते. शेकडो वर्षांपूर्वी मिश्रणात राहिलेली उणीव आज दिसत होती. आपण काचेला निर्जीव, टिकाऊ म्हणतो, पण तीही हवेशी व्यवहार करत असते. तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मला फार भरून आलं होतं, ते बोलायचं राहून गेलं.

नव्या स्टुडिओत सामान लावायला तुम्ही आलात तेव्हा त्याच दालनाची आठवण काढलीत. काचेचे पत्रे आडवे रचून ठेवायला मी निघाले होते. ओल धरली की पत्र्यांमध्ये अडकलेलं पाणी काचेतले क्षार ओढतं आणि न पुसले जाणारे डाग पडतात, असं सांगत तुम्ही ते उभे, मध्ये कागद घालून, ओल्या भिंतीपासून दूर लावून घेतलेत.

मांडणीही तुमचीच. खिडकीजवळ कापायचं टेबल, म्हणजे हिरकणीची रेघ नीट दिसते. भट्टीला स्वतंत्र वायरिंग आणि अर्थिंग, भिंतीपासून पुरेसं अंतर, वर पडदा किंवा फळी नाही. भट्टीतल्या फरशीवर तुम्ही स्वतः पाणसळ ठेवून बघितलीत, कारण वितळलेली काच केसभर उताराकडेही सरकते. 90 आणि 96 प्रसरणांकाच्या (काच तापल्यावर किती प्रसरण पावते ते सांगणारा आकडा) काचा वेगळ्या कप्प्यांत, खिडकीची साधी काच तिसऱ्या कप्प्यात, आणि उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर खूण. वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावणाऱ्या दोन काचा एकत्र वितळवल्या, तर त्या कधीतरी तडकणारच. कधी भट्टीतून काढतानाच, कधी कुणाच्या घरी पोचल्यावर.

केरसुणी मात्र तुम्ही स्टुडिओत येऊच दिली नाहीत. काचेची, साच्याच्या मिश्रणातली सिलिकाची धूळ कोरड्या झाडण्याने हवेत उडते आणि फुप्फुसांत बसते. तिने झालेलं नुकसान भरून येत नाही. ओलं फडकं, ओला मॉप आणि साचे फोडताना योग्य मास्क. या बाबतीत तुम्ही आवाज चढवलात आणि ते बरोबर केलंत.

त्या संध्याकाळी खोके अर्धे रिकामे झालेले असताना तुम्ही टोलेडोची गोष्ट सांगितलीत. काच वितळवणं हे तोवर प्रामुख्याने कारखान्याचं, गटाने करायचं काम मानलं जाई. 1962 च्या मार्चमध्ये, अमेरिकेतल्या टोलेडो कलासंग्रहालयाच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये, हार्वे लिटलटन यांनी छोट्या भट्टीवर कलावंतांना काम करू दिलं. पहिलं मिश्रण नीट वितळलंच नाही. मग डॉमिनिक लाबिनो यांनी भट्टीत बदल सुचवला, काचतंतूंसाठी बनवलेल्या काचेच्या गोळ्या दिल्या, आणि काम सुरू झालं. एकट्या माणसाला स्वतःचा काचेचा स्टुडिओ असावा ही कल्पना इतकी अलीकडची आहे, आणि तिच्या मुळाशीही कुणीतरी दुसऱ्याला दिलेला कच्चा माल आहे. भाड्याच्या रकमेने धास्तावलेल्या मला त्या रात्री याचा किती आधार वाटला, काय सांगू.

मग पहिलं जाड ओतकाम. वितळण्याची वेळ मला अंदाजाने कळत होती. थंड करण्याचं गणित तुम्ही बसवून दिलंत. काचेच्या जातीनुसार साधारण 480 ते 550 अंश सेल्सिअसच्या दरम्यान तिला थांबवायचं, आतली आणि बाहेरची काच एका तापमानाला येऊ द्यायची, आणि तिथून अगदी हळू उतरायचं. जाडी दुप्पट झाली की हा वेळ साधारण चौपट होतो. कंट्रोलरवर खोलीइतकं तापमान दिसेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हे तुम्ही फोनवर पुन्हा पुन्हा बजावत होतात. तुमच्या त्या फोनमुळे मी झाकणापासून लांब राहिले.

वस्तू बाहेर आल्यावर तुम्ही पिशवीतून ध्रुवीकरणाच्या, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड पुढे सोडणाऱ्या, दोन फिल्म काढल्यात, एकमेकींना आडव्या धरल्यात आणि मधे माझं काम ठेवलंत. काचेत ताण राहिला असता तर उजळ पट्टे दिसले असते. पट्टे नव्हते. तुम्ही नुसतं "ठीक आहे" म्हणालात आणि फिल्म माझ्या टेबलावरच ठेवून गेलात. त्या आता खिडकीजवळच्या खणात असतात, रोज लागतात.

ताई, तुम्ही तुमचा वेळ, तुमच्या तापमानाच्या वह्या, तुमची ओळखीची माणसं, सगळं माझ्यापुढे मोकळं केलंत. ज्ञान झाकून ठेवणारे या कामात कमी नाहीत, म्हणून याची किंमत मला जास्त कळते. मनापासून, अगदी मनापासून आभार.

एक विनंती आहे. तुमच्या भट्टीत न मावणारा तो मोठा साचा बरेच दिवस गुंडाळून ठेवलेला मी पाहिला आहे. माझ्या भट्टीत तो मावतो, माप घेऊन बघितलं आहे. पुढचा पंधरवडा भट्टी तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. साचा न्यायला मी गाडी घेऊन येते. तापमानाचा तक्ता तेवढा तुम्ही लिहून ठेवा.

तुमची,
विद्यार्थिनी