प्राजक्ताखालचं पिल्लू

रॉक्सबी डाऊन्स, ऑस्ट्रेलिया, १४ जुलै

प्रिय सुमे,

आठ महिने पत्र नाही की फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही बरे आहोत, ह्यांची साखर आहे तिथेच आहे.

परवा जे झालं ते ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बरं, मग?" म्हणून तुला लिहितेय.

इथे गावाबाहेर मांजरं-कोल्हे शिरू नयेत म्हणून कुंपण घालून राखलेलं रान आहे. प्राण्यांच्या मोजणीला मी हौसेनं जाते. वाळूत बादल्या पुरतात, रात्री हिंडणारं जनावर आत पडतं, आपण पहाटे जाऊन बघायचं. परवा गाडी सुरूच होईना, उशीर झाला. थंडी मरणाची. तिसऱ्या बादलीत डनार्ट! जाड शेपटीचं. (हसू नकोस, नावच तसं आहे.) तोंड चिचुंद्रीचं, पण कान मोठे, डोळे काळ्या मण्यांसारखे, शेपूट गाजरासारखी. चरबी तिथं साठवतं. वजन १५ ग्रॅम असेल. मादीच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी, आणि ती १३ दिवसांत बाळंत होते. तुझ्या वहिनीला सांग, सातव्या महिन्यापासून लाड करून घेणारीला! किडे-कोळी खातं, पाणीही बरंचसं त्यांच्यातूनच मिळतं.

तर ते मुटकुळं करून पडलेलं. बर्फासारखं गार. हाक नाही, हालचाल नाही. मला वाटलं, माझ्या उशिरानं गेलं. सोबतच्या बाईंनी ते माझ्या तळहातावर ठेवलं, म्हणाल्या, मूठ मीट आणि थांब. थंडीत किडे कमी मिळतात, तेव्हा ते अंग मुद्दाम गार पडू देतं, म्हणजे खाणं कमी लागतं. मग उन्हात बसून परत ऊब घेतं. १५-२० मिनिटांनी मुठीत आधी थरथर, मग ऊब, आणि मग चावलं की गं मला!

सुमे, खारीचं पिल्लू. ताईआत्याच्या अंगणात, पावसानं भिजून पडलेलं. प्राजक्ताखाली आपण खड्डा केला, तू म्हणालीस, "थांब, हललं." मी म्हणाले, वारा आहे, रडूबाई. आणि माती ओढली. तू चार दिवस बोलली नाहीस, मी तुझी पाटी फोडली. खार म्हणजे डनार्ट नव्हे, कळतं मला. पण गारठलेलंच असलं तर? त्या बाईंना विचारायचं होतं, तोंडाशी आलेलं गिळलं. परत येताना त्या सांगत होत्या, शेवटचा टास्मानियन वाघ (नावालाच वाघ, तोही पिशवीवालाच प्राणी) १९३६ साली टास्मानियात होबार्टला मेला, तो ह्याच्याच भाऊबंदांतला, आणि आता डनार्टच्या पेशी वापरून तो परत आणायची खटपट चाललीय. मी नुसतं हूं हूं करत होते.

निशाचं ठरलं म्हणे, छान झालं, आहेराचं बघते. गुडघ्यावर तेल लावतेस ना?

हललं होतं का, तेवढं कळव. पत्रानंच कळव, फोनवर नको. ह्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

तुझी,
नंदी