सर, तुमचे आभार माझ्या भाषेत

आदरणीय सर,

तुम्हाला फोनवर इंग्रजीतून सांगेनच, पण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते माझ्या माणसांनाही कळावं, म्हणून हे मराठीत लिहितोय. न्यू जर्सीत दारूच्या वितरकाकडे सेल्समन म्हणून लागलो, तेव्हा नाशिकला घरचे 'तो मार्केटिंगमध्ये आहे' एवढंच सांगायचे. चारचौघांत दारूचं नाव नको. मीही मनातून दुसरी नोकरी शोधत होतो. तुम्ही तर याच धंद्यात उभी हयात काढलेली.

दुकानं फिरताना गाडीत तुम्ही मला हर्ब डग्लस यांची गोष्ट सांगितलीत. पिट्सबर्गचा मुलगा. बर्लिन ऑलिंपिक गाजवून आलेल्या कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्सना १९३६ साली भेटला, तेव्हा चौदा वर्षांचा. पुढे १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लांब उडीत कांस्यपदक, मग शिक्षणशास्त्रातली मास्टर्स पदवी. त्यांना प्रशिक्षक व्हायचं होतं, पण कृष्णवर्णीय माणसाला ती दारं बंद होती. म्हणून १९५०मध्ये पॅब्स्टची बिअर विकू लागले. १९६३ला हेनेसी कोन्याक ही फ्रेंच ब्रँडी आयात करणाऱ्या शिफलिन कंपनीत गेले आणि १९६८ला उपाध्यक्ष झाले. मोठ्या अमेरिकी कंपनीत त्या पदावर पोचलेले कृष्णवर्णीय तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते.

कंपन्यांनी अशी माणसं घेतली ती काही उदार होऊन नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. कृष्णवर्णीय वस्त्यांमधला धंदा हवा होता, म्हणून घेतलं, आणि पुष्कळांना त्याच वस्त्यांत अडकवून ठेवलं. १९६४च्या नागरी हक्क कायद्याआधी दक्षिणेकडे गेलं तर हॉटेलात खोली मिळायची नाही. मुक्काम कुठे करता येईल याची छापील यादी जवळ बाळगावी लागायची. त्याही दिवसांत या माणसांनी दुकानदारांचा विश्वास कमावला आणि मागून येणाऱ्यांसाठी वाट केली. त्या वाटेनं तुम्ही आलात. तुमच्यामागून मी.

त्याच लंडन ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे आमचे खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले होते आणि १९५२ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही गाडी बाजूला घेतलीत आणि माझ्या फोनवर त्यांचा फोटो किती तरी वेळ पाहत राहिलात. माझ्या मातीतल्या माणसाची इतक्या आस्थेनं चौकशी करणारं त्या शहरात मला दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

काम तुम्ही शिकवलंत ते असं की दुकानात गेल्या गेल्या ऑर्डरचा विषय काढायचाच नाही. आधी मागच्या खोलीत जायचं, पेट्यांवरची धूळ बघायची, मागच्या वेळचा माल हलला का ते पाहायचं. इथल्या कायद्यानं, खपला नाही एवढ्या कारणावर दारू परत घेता येत नाही. त्यामुळे गळ्यात मारलेली पेटी दुकानदाराचे पैसे अडकवून बसते. महिनाअखेरीला टार्गेट डोक्यावर असताना तुम्ही एका म्हाताऱ्या दुकानदारीण बाईंना 'या वेळी काही घेऊ नका' म्हणालात. बाईंनी हसून चहा पुढे केला. मी शेजारी उभा होतो. दुसरी नोकरी शोधणं मी त्यानंतर सोडलं.

डग्लस १०१ वर्षांचे होऊन २०२३मध्ये गेले. तुम्ही ती बातमी मला पाठवलीत, सोबत एक अक्षरही न लिहिता. मी ती आईला मराठीत सांगितली, सगळ्या हकिकतीसकट. आता मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की ती सरळ सांगते, दारूच्या कंपनीत विक्री बघतो.

निवृत्त होताना तुम्ही तुमची गिऱ्हाईक दुकानं कागदावर माझ्या नावे करून मोकळे झाला असतात तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण गुडघे दुखत असताना तुम्ही मला दारोदार घेऊन गेलात आणि प्रत्येक मालकाला म्हणालात, 'हा माझा माणूस आहे.' त्या दुकानांवरच आज माझं घर चालतं. मनापासून आभार, सर.

तुमचाच