जुनी गिटार घेण्यापूर्वी: चि. ताईस पत्र

शिवाजी उद्यमनगर,
कोल्हापूर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप आईकडून कळला. गिटार पाच हजारांत बसवायची, जुनीच घ्यायची आणि सुट्टीत इथे आल्यावर कोल्हापुरातच घ्यायची, हे तू ठरवलेले मला पटले. पाच हजारांत नवी गिटार मिळत नाही असे नाही, पण त्या किमतीच्या नव्या वाद्यात लाकूड आणि जोडकाम यांवरच काटकसर झालेली असते. उलट तेवढ्याच पैशांत कुणीतरी दुप्पट किमतीला घेतलेली आणि थोडे दिवस वाजवून कपाटावर टाकलेली गिटार हाती लागू शकते. टाळेबंदीत हौसेने घेतलेली अशी कितीतरी वाद्ये अजून घरोघरी धूळ खात आहेत, शिवाय मे-जूनमध्ये होस्टेल सोडणारी मुले सामान कमी करताना गिटारही विकून टाकतात.

पाच हजार पुरे खर्चायचे असे मात्र मनात धरू नकोस. जुन्या वाद्याला नव्या तारा लागणारच आणि थोडेफार जुळवाजुळवीचे कामही निघणार, तेव्हा चार हजारांच्या वर बोली नेऊ नये आणि उरलेले हजार त्यासाठी बाजूला ठेवावेत. इलेक्ट्रिक गिटारचा विचार तूर्त सोड, कारण तिच्याबरोबर अँप्लिफायर घ्यावा लागतो. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना सोपी असते, पण तिची मान (बोटे जिच्यावर फिरतात तो लांब दांडा) रुंद असते आणि तुझा हात लहान आहे. शिवाय पुढे कधी तिच्यावर स्टीलच्या तारा चढवायचा मोह झाला तर तो ताण सोसण्यासाठी तिची बांधणीच नसते. गाण्याला साथ करायची तर साधी स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटारच बघावी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मला सुरांतले फारसे कळत नाही, पण फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, करण्यात माझे आयुष्य गेले आहे आणि लाकूड कुठे, कसे आणि कशामुळे वाकते ते मी ओळखतो. गिटारच्या सहा स्टीलच्या तारा जुळवल्या की त्यांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. एवढे ओझे मान आणि ब्रिज (खोक्यावरची लाकडी पट्टी, जिच्यात तारांची खालची टोके अडकवतात) रात्रंदिवस ओढत असते, म्हणून जुन्या गिटारचा खरा आजार बहुतेक वेळा या दोनच ठिकाणी सापडतो. वरचा रंग, पाठीवरचे ओरखडे, डोक्यावरचे कंपनीचे नाव यांनी किंमत वरखाली होते, वाद्य बिघडत नाही. मान आणि ब्रिज शाबूत असतील तर बाकीचे पाचशे-हजारांत सुधारता येते. ते बिघडले असतील तर फुकट मिळालेली गिटारही महाग पडते.

मान तपासायला वेगळी पट्टी लागत नाही, ताणलेली तारच पट्टीचे काम करते. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर (मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात) एका हाताने आणि मान जिथे खोक्याला मिळते त्या चौदाव्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाब, आणि सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघ. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे 0.2 ते 0.3 मिलिमीटर फट असली की मान ठीक आहे असे समजावे. फट त्याहून बरीच जास्त असेल किंवा मुळीच नसेल, तर मानेच्या पोटात असलेली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, पिळून ती दुरुस्त होऊ शकते. मात्र त्या सळईचा नट फिरतो आहे ना, त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या नाहीत ना, याची खात्री आधी करून घ्यावी. नंतर डोक्याच्या बाजूने एक डोळा मिटून मानेवरून नजर टाक. सगळे फ्रेट एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. मानेला पीळ पडला असेल तर तो ट्रस रॉडने निघत नाही, आणि अशा गिटारची किंमत विचारण्यातही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट तारांच्या उंचीची. बाराव्या फ्रेटवर सहावी तार सुमारे अडीच मिलिमीटर आणि पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार सुमारे दोन मिलिमीटर उंच असावी. ती चार-पाचवर गेली की नवशिक्याची बोटे सोलवटतात आणि दोन महिन्यांत गिटार पुन्हा कपाटावर जाते. तार उंच आहे एवढ्यावरून मात्र वाद्य नाकारू नये. ब्रिजवर जी पांढरी पट्टी असते, तिला सॅडल म्हणतात, ती ब्रिजच्या लाकडातून किती वर आली आहे ते पाहावे. सॅडल चांगले वर असेल तर त्याचा तळ घासून तारा खाली आणता येतात. सॅडल एक मिलिमीटर उतरवले की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर उतरते. सॅडल आधीच घासून लाकडाला टेकत आले असेल आणि तरीही तारा उंच असतील, तर मानेचा कोन सुटलेला आहे किंवा वरची फळी फुगलेली आहे, आणि ते काम गिटारच्या किमतीपेक्षा मोठे असते.

राजारामपुरीतली जी काळी गिटार तुला फोटोत फार आवडली होती, तिचे नेमके हेच झाले आहे. मी फट मोजायच्या पातळ पात्यांचे फिलर गेज आणि स्टीलची पट्टी खिशात घालून गेलो होतो, ते पाहून विकणारा मुलगा जरा चपापला. रंग आरशासारखा, डोक्यावर नावाजलेल्या कंपनीचे नाव, सोबत बॅगसुद्धा. पण बाराव्या फ्रेटवर सहावी तार पाच मिलिमीटर आणि सॅडल जवळजवळ संपलेले. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद घालून पाहिला तर तो तीन-चार मिलिमीटर आत गेला, म्हणजे ब्रिज फळीपासून सुटू लागला आहे. मुलगा सहा हजारांवरून साडेचारपर्यंत खाली आला, तरी मी नमस्कार करून निघालो.

मंगळवार पेठेत दुसरी एक पाहून ठेवली आहे. ही तपकिरी आहे, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे आहेत, तारा गंजून काळ्या पडल्या आहेत आणि चौथ्या तारेची खुंटी जड फिरते. दिसायला अगदीच सामान्य आहे हे आधीच सांगतो. पण मान सरळ आहे, ट्रस रॉडचा नट फिरतो, तार 3.2 मिलिमीटरवर असली तरी सॅडल चांगले चार मिलिमीटर वर आहे, आणि ब्रिजखाली कागदाचा कोपराही शिरला नाही. डोक्यापाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून (तिलाही नटच म्हणतात) बाराव्या फ्रेटपर्यंत मोजले तर 324 मिलिमीटर भरले आणि तिथून सॅडलपर्यंत 326. बारावा फ्रेट मध्यावर असायला हवा, पण तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून पुढचे अंतर एवढे जास्त ठेवावेच लागते. ते बरोबर आहे.

आपल्या गावात लाकडी वस्तू घेताना आणखी एक शंका मनात ठेवावी लागते. 2019 आणि 2021 च्या महापुरात शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांतल्या कितीतरी घरांत पाणी शिरले होते, आणि भिजलेली वस्तू वाळवून, पुसून विकायला निघणे काही अशक्य नाही. म्हणून गोल छिद्रातून मोबाइलचा उजेड आणि छोटा आरसा घालून आतले अंग पाहिले. पुराच्या वाद्यात आतल्या आडव्या पट्ट्यांचे सरस सुटलेले, कोपऱ्यात गाळाची बारीक रेघ आणि खुंट्यांच्या स्क्रूवर गंज दिसतो. इथे तसे काही नव्हते. कीड लागून भुसा पडलेलाही नव्हता. छिद्राच्या कडेवर प्लायचे थर दिसतात, म्हणजे वरची फळी अखंड लाकडाची नाही. आवाजात त्याने थोडा फरक पडतो, पण कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात प्लाय कमी फुगते, आणि शिकणाऱ्याला या किमतीत त्याबद्दल तक्रार करायचे कारण नाही.

हे वाद्य दुरुस्तीला मिरजेला न्यावे का, असे तू विचारले होतेस. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिथले कारागीर दीडशेहून अधिक वर्षे हेच काम करीत आले आहेत, तेव्हा त्यांच्या हाताविषयी प्रश्नच नाही. पण ट्रस रॉड आणि फ्रेट ही वेगळी विद्या आहे. ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच द्यावे. सॅडलचा तळ मी इथे कारखान्यात घासून देईन, 1.4 मिलिमीटर काढले की पुरे.

जे मला जमले नाही ते तू आल्यावर करायचे आहे. गिटार आधी सुरात लाव, मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवून कुठे तार खरखरते का ते ऐक. पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली खाचा पडल्या आहेत का तेही बोटाने बघ. मला त्या किरकोळ वाटल्या. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर फोनवरच्या ट्यूनरमध्ये एकच आला पाहिजे. गंजलेल्या तारांवर ही परीक्षा नीट होत नाही, म्हणून तारांचा नवा संच येताना पुण्याहूनच घेऊन ये. मालकाने तिथेच तारा बदलायला परवानगी दिली आहे.

पैशांचे व्यवहार समोरासमोरच करायचे. मागच्या आठवड्यात फोनवर एकाने गिटार राखून ठेवायला आगाऊ रक्कम मागितली आणि ती परत हवी असेल तर त्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन घाला असेही सांगितले. पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे तुझ्या मैत्रिणींनाही सांग. मंगळवार पेठेतल्या गृहस्थांकडे मूळ खरेदीची पावती आहे, तीही मागून घेऊ. ते साडेचार म्हणतात. खुंटी आणि तारा दाखवून अडतीसशेपर्यंत येतील असा माझा अंदाज आहे. त्यांनी रविवारपर्यंत कुणाला न दाखवण्याचे कबूल केले आहे, तेव्हा शनिवारच्या सकाळच्या गाडीने निघ, दुपारी मी स्टँडवर घ्यायला येतो आणि तिथूनच परस्पर त्यांच्याकडे जाऊ.

तुझे,
बाबा