शेवटच्या पानावरच्या तारखा

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. "माझं तारण खरंच झालंय का, पापातून सुटका झालीय का, की मी इतकी वर्षं नुसताच चर्चच्या मंडळीत बसून येतोय?" हे तुझं वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही.

तुला आजवर न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. माझ्या पवित्र शास्त्राच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तीन तारखा आहेत. पहिली निळ्या शाईत, मी प्रभूला जीवन दिलं त्या दिवसाची. ती खोडलेली आहे. तिच्याखालची दुसरीही खोडलेली. तिसरीपुढे "या वेळी अगदी मनापासून" असं लिहिलंय आणि 'अगदी'खाली दोन रेघा ओढल्यात. दर वेळी हातून काही पाप घडायचं किंवा प्रार्थनेत मन कोरडं पडायचं, की वाटायचं, मागचा विश्वास खोटाच होता. प्रभूवर विश्वास ठेवायचा सोडून मी माझ्या विश्वासावरच विसंबून बसलो होतो.

योहान 3:16 आपल्याला तोंडपाठ. पण त्याच्या दोनच वचनं आधी प्रभू त्याला भेटायला आलेल्या निकदेम नावाच्या धर्मपुढाऱ्याला मोशेने अरण्यात उंच केलेल्या सापाची आठवण देतो आणि मलाही तसंच उंच केलं जाईल म्हणतो, तिकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. मग जुन्या करारातल्या गणना पुस्तकाचा 21वा अध्याय काढून बसलो. साप चावलेली माणसं, अंगात विष चढतंय. मोशे पितळेचा साप करून खांबावर लावतो. त्याकडे जो पाहील तो जगेल, एवढंच. कोणाची नजर स्वच्छ होती, कोणाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती, कोणी धीराने पाहिलं आणि कोणी थरथरत, याचा हिशेब तिथे कुठेच नाही. आणि मी मात्र खांबाकडे पाठ करून स्वतःचे डोळे तपासत राहिलो होतो! त्या रात्री मी खूप रडलो.

तुला वाटतं अशी धास्ती फक्त कच्च्या विश्वासणाऱ्यांना असते. पण मेथडिस्ट पंथाची सुरुवात करणारे इंग्रज प्रचारक जॉन वेस्ली बघ. ते दीक्षित पाळक होते, मिशनकार्यासाठी समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या जॉर्जियाला जाऊन आले होते, तरी तारणाची खात्री नव्हती. 24 मे 1738 रोजी लंडनमधल्या एका छोट्या सभेत बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरची धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना कोणी वाचत असताना त्यांचं हृदय ऊबदार झालं आणि ख्रिस्ताने आपली पापं काढून टाकली, ही खात्री त्यांना मिळाली. इथवरची गोष्ट सगळेच सांगतात. पण पुढच्याच जानेवारीत त्यांनी रोजनिशीत लिहिलं की मी ख्रिस्ती नाही. भावना ओसरली होती. ख्रिस्ताने केलेलं काम मात्र तसूभरही कमी झालं नव्हतं.

प्रभूचा शिष्य पेत्र याचंच बघ. तो प्रभूसाठी मरायलाही तयार होता, आणि कोंबडा आरवण्याआधी प्रभूला ओळखतच नाही असं तीनदा म्हणून मोकळा झाला. पण लूक 22:32 नीट वाच. तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे, असं प्रभू त्याला नाकारण्याच्या आधीच सांगतो. पेत्र पडायच्या आधी त्याच्यासाठीची प्रार्थना होऊन गेली होती. मला यापेक्षा मोठा दिलासा ठाऊक नाही.

मग कसंही वागलं तरी चालेल का? मुळीच नाही. इफिस 2:8-9 कृपेने तारण सांगतं आणि लगेच 10वं वचन सत्कृत्यांचं. ती तारणाची किंमत नाहीत, फळ आहेत. तुला तुझ्या पापाचं इतकं दुःख होतं, तेच मला तुझ्याबद्दल आशेचं वाटतं. मेलेल्याला दुखत नाही. तारण गमावता येतं का, यावर विश्वासापासून मागे फिरणाऱ्यांबद्दलचा इब्री 6 समोर ठेवून मंडळ्यांमध्ये जुना मतभेद आहे, त्यात आज शिरत नाही. पण 'माझ्याकडे येणाऱ्याला मी मुळीच घालवून देणार नाही', हे योहान 6:37 मधलं प्रभूचं वचन घाबरत येणाऱ्यालाही लागू आहे. तू घाबरत का होईना, त्याच्याकडेच निघाला आहेस ना?

आज रात्री 1 योहानाचा 5वा अध्याय वाच. 13व्या वचनात "समजावे" हा शब्द आहे. सार्वकालिक जीवन मिळालंय हे आपल्याला कळावं, अशी देवाचीच इच्छा आहे. वाचून झालं की फोन कर, कितीही उशीर झाला तरी. दोघं मिळून प्रार्थना करू.

त्या पानावर मी चौथी तारीख लिहिलेली नाही. भेटशील तेव्हा दाखवीन.

प्रभूमध्ये तुझाच,
तुझा मित्र