शोधविद्यार्थ्यांचा शनिवार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीएच.डी. करणाऱ्यांची बातमी वृत्तपत्रात येते ती बहुधा अधिछात्रवृत्तीसाठी (फेलोशिपसाठी) कोणी उपोषणाला बसल्यावर, कोणाचा प्रबंध उचललेला निघाल्यावर, किंवा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर अधिवेशनात झाले त्याप्रमाणे, पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार, अशा अर्थाचा प्रश्न सभागृहात विचारला गेल्यावर. एरवीच्या पाच-सहा वर्षांत हा विद्यार्थी रोज काय करतो, त्याचे कशावाचून अडते आणि अडल्यावर त्याला हात कोण देते, याविषयी फारसे लिहिले जात नाही. मी मराठी विषयात संशोधन करणारी, पाचव्या वर्षातली विद्यार्थिनी आहे. हात देणारे बहुतेक वेळा आमच्यासारखेच अडलेले असतात, असा माझा अनुभव आहे आणि त्याविषयी एक छोटी मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आम्ही पाच जण दर शनिवारी संध्याकाळी भेटतो. विषय वेगवेगळे आहेत, मार्गदर्शक वेगवेगळे आहेत, गावे तर बीडपासून नंदुरबारपर्यंत आहेत. भेटीचा नियम एकच आहे: ‘प्रबंध कुठवर आला?’ हे विचारायचे नाही. तो प्रश्न लग्नकार्यात मामा-मावश्या विचारतातच. आमच्याकडे विचारायचे ते ‘या आठवड्यात कुठे अडले?’ एवढेच, आणि उत्तर ऐकून झाल्यावर ज्याला त्यातले काही कळते त्याने बोलायचे.

अडते ते बाहेरच्या माणसाला वाटते तिथे नव्हे. भक्तिपरंपरेवर काम करणाऱ्या आमच्या एका मित्राची चार प्रकरणे डीटीपी केंद्रावर श्रीलिपीच्या फाँटमध्ये टंकलेली होती, आणि वाङ्मयचौर्य तपासणीसाठी ती युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकाला वाचता येणाऱ्या अक्षरांत, हवी होती. रूपांतर केल्यावर सगळे ‘ऱ्या’ मोडून ‘र्या’ झाले. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’, ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’. आम्ही एका फटक्यात शोधून बदलण्याची आज्ञा दिली आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन पाहतो तो ‘कार्यात’चे ‘काऱ्यात’ झालेले आणि ‘आचार्यांनी मांडलेला सिद्धान्त’ हा ‘आचाऱ्यांनी मांडलेला सिद्धान्त’ होऊन बसलेला. हसून झाल्यावर चौघांनी एकेक प्रकरण वाटून घेतले आणि रात्री दोनपर्यंत एकेक शब्द पाहून दुरुस्त केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांप्रमाणे इतर लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य ग्राह्य धरले जाते, हे त्या मित्राला ठाऊक होते. पण मराठी प्रबंध त्या तपासणीच्या दारापर्यंत न्यायचा कसा, हे त्याला कोणत्याही तासाला शिकवलेले नव्हते. नियमानुसार पीएच.डी.च्या पूर्वाभ्यासाला (कोर्सवर्कला) किमान १२ श्रेयांक (क्रेडिट) असतात, त्यात संशोधनपद्धती असते, संशोधन आणि प्रकाशनाची नीतिमत्ता असते, पण हे नसते.

नियम माहीत नसल्याने होणारे नुकसान याहून मोठे असते. आमच्यातल्या एका मैत्रिणीने बाळंतपणामुळे नोंदणी रद्द करण्याचा अर्ज लिहून ठेवला होता. घरच्यांचाही तसाच आग्रह होता, आणि कार्यालयात तिला ‘असा अर्ज येतो, हरकत नाही’ असे सांगण्यात आले होते. नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी नियमावलीत पीएच.डी.च्या संपूर्ण कालावधीत महिला संशोधकांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देण्याची तरतूद आहे, सहा वर्षांच्या कमाल मुदतीवर दोन वर्षांची पुनर्नोंदणी मिळू शकते आणि महिलांना त्याहीपुढे आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. हे तिला एका शनिवारी कळले, तेही गटातल्या भूगोलवाल्याच्या मोबाइलमध्ये ती नियमावली पडून होती म्हणून. तिची मुलगी आता चालायला लागली आहे आणि तिसरे प्रकरण मार्गदर्शकांकडे गेले आहे. भूगोलवाल्याने त्या दिवशी मोबाइल घरी विसरला असता तर काय, हा विचार मला अजून बेचैन करतो.

पैशाचे सांगायलाच हवे. १ जानेवारी २०२३ पासून यूजीसीची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये झाली. ऐकणाऱ्याला हा आकडा पगारासारखा वाटतो, परंतु पगार महिन्याच्या महिन्याला होतो. बार्टी, सारथी आणि महाज्योती या अधिछात्रवृत्ती देणाऱ्या राज्याच्या संस्थांमुळे ज्या घरांत पूर्वी पदवीपर्यंतही कोणी पोहोचले नव्हते तेथील मुले-मुली संशोधनाला येऊ शकली, ही गोष्ट मी कृतज्ञतेने मान्य करते. मात्र हप्ता कोणताही असो, तो कित्येक महिन्यांनी एकरकमी येतो, आणि तोपर्यंत खोलीचे भाडे, डबा आणि झेरॉक्सवाल्याची उधारी थांबत नाही. आमच्यातल्या दोघांना तर कोणतीच अधिछात्रवृत्ती नाही; त्यांतला एक तासिका तत्त्वावर शिकवतो आणि त्याचे मानधन सत्र संपल्यावर कधीतरी येते. म्हणून आमच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. ज्याचा हप्ता आला असेल त्याने द्यायचे, ज्याचा थकला असेल त्याने घ्यायचे आणि वहीत लिहायचे. त्या वहीत आजवर व्याज नाही आणि बुडीत खातेही नाही, हे जरा अभिमानाने नोंदवते.

मार्गदर्शकांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. नियमाने प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. त्यावर पदवीचे तास, परीक्षेचे काम, नॅक या मूल्यांकन संस्थेच्या फायली आणि रिक्त राहिलेल्या पदांचा भार. माझ्या सरांनी माझे पहिले प्रकरण ओळन् ओळ वाचले आहे. पण आठव्यांदा लिहिलेली प्रस्तावना अजून का जमत नाही, हे विचारण्यासाठी त्यांच्या दारावर थाप मारायचा धीर होत नाही, तो शनिवारी होतो. सत्रागणिक सल्लागार समितीपुढे सादरीकरण करायचे असते, त्याची रंगीत तालीमही शनिवारीच होते, आणि समिती विचारणार नाही इतके बोचरे प्रश्न तिथे विचारले जातात.

अशा सोबतीला मर्यादाही आहेत आणि त्या मी लपवणार नाही. गेल्या वर्षी आमच्यातला एक जण तीन शनिवार आला नाही, फोन उचलेना. खोलीवर गेलो तर दिवसाढवळ्या दार-खिडक्या बंद करून पडलेला; दोन महिने त्याने एक ओळ लिहिली नव्हती आणि घरी मात्र ‘सगळे ठीक आहे’ असे सांगत होता. आम्ही डबा नेला, शेजारी बसलो, पण काय बोलावे ते आम्हाला कळत नव्हते. एकाने तर घाबरून त्याला ‘मन रमव’ असा उपदेश केला, जो ऐकून त्याने कूस बदलली. शेवटी १४४१६ या टेलि-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन केला, तिथे मराठीत नीट बोलणारे माणूस भेटले आणि पुढे डॉक्टरांकडे जाणे झाले. सोबती म्हणून आम्ही दार ठोठावू शकलो, त्यापुढचे काम आमच्या आवाक्यातले नव्हते. विद्यार्थी एकमेकांना सांभाळून घेतात म्हणून समुपदेशकाचे पद रिकामे ठेवले तरी चालते, असा अर्थ कोणी या पत्रातून काढू नये.

आता मागणी. विद्यापीठांनी आणि संशोधन केंद्रांनी शोधविद्यार्थ्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ, नऊपर्यंत उघडी राहील अशी एक खोली द्यावी; एक टेबल, दिवा, पंखा आणि किल्ली कोणाकडे हे ठरलेले असावे, इतकेच. दुसरे, पूर्वाभ्यासाच्या वेळापत्रकातल्या चार तासिका प्रबंध सादर करून मोकळ्या झालेल्या संशोधकांना द्याव्यात, म्हणजे रजेचा नियम, घरभाडे भत्त्याचा नमुना आणि युनिकोडची ‘ऱ्या’ या गोष्टी नव्या मुलांना कोणाच्या मोबाइलवर अवलंबून न राहता कळतील. एक विनंती मात्र हात जोडून करते, की या खोलीचा ‘कक्ष’ करू नये. कक्ष झाला की समन्वयक येतो, उद्घाटनाची फीत येते, हजेरीपट आणि जिओ-टॅग केलेली छायाचित्रे येतात, आणि ज्याला ‘मला काही सुचत नाही’ असे कबूल करायचे असते तो पहिल्याच दिवशी उठून जातो.

तूर्त आमचा शनिवार उपाहारगृहामागच्या कडुनिंबाखाली, दोन सिमेंटच्या बाकांवर भरतो. दिवेलागणीनंतर मोबाइलच्या उजेडात वाचावे लागते, आणि जून ते सप्टेंबर तो बहुधा भरतच नाही.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी