पडद्यालाही ताल कळू द्या

महोदय,

गणेशोत्सव जवळ आला की गिरगाव-लालबागपासून उपनगरांपर्यंत अनेक मंडपांत एलईडी भिंतींवर संगीतमय देखावे लागतात. हल्ली शास्त्रीय मैफलींतही कलाकारांच्या मागे असे पडदे दिसतात. खर्च भरपूर होतो, पण बहुतेक ठिकाणी चित्र केवळ आवाजाच्या जोरावर हलते. ढोल वाजला की रंग फुगतो, थांबला की मिटतो. सम (तालाची पहिली मात्रा) आणि खाली (टाळीविना दाखवली जाणारी मात्रा) पडद्यावर सारख्याच दिसतात. सूर तर दिसतच नाही.

याचे कारण सोपे आहे. तयार सॉफ्टवेअर साधारणपणे ४८ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या ध्वनीतले २०४८ नमुने एका वेळी उचलते आणि त्यांची कंपनसंख्येनुसार सुमारे २३ हर्ट्झ रुंदीच्या कप्प्यांत वाटणी करते. गायकाचा षड्ज (सा) काळी एकचा, म्हणजे १३९ हर्ट्झच्या आसपास असेल, तर त्याच्या लगतचा कोमल रिषभ (रे) त्याच्यावर जेमतेम ८ हर्ट्झवर असतो. दोन्ही स्वर एकाच कप्प्यात पडतात. मग मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, दिसणार कुठून? ८१९२ नमुने घेतले तर कप्पा ६ हर्ट्झचा होतो, पण तो तुकडाच १७० मिलिसेकंदांचा असतो आणि द्रुत लयीत चित्र मागे पडते. त्यात तंबोरा सगळे कप्पे भरून ठेवतो. म्हणून मिक्सरमधून गायकाच्या माइकची वेगळी लाइन घ्यावी आणि केवळ तिच्यावर स्वर ओळखणारे सॉफ्टवेअर चालवावे.

ध्वनिमुद्रित देखाव्यासाठी मात्र कोणती मात्रा कोणत्या फ्रेमवर येते याचा हाताने तक्ता करणे केव्हाही चांगले. सोळा मात्रांचा तीनताल मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत घेतला तर एक आवर्तन ८ सेकंदांचे, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत २०० फ्रेमचे होते. मात्रेला साडेबारा फ्रेम येतात आणि चूक इथेच होते. अर्धी फ्रेम सोडून प्रत्येक मात्रेला १२ धरल्या की आवर्तनाला ८ फ्रेम कमी पडतात. तीन आवर्तनांत चित्राची सम जवळजवळ दोन मात्रा आधी येते. मात्रांना आलटून पालटून १२ आणि १३ फ्रेम द्याव्यात, किंवा प्रकल्प २४ फ्रेमचा ठेवावा, म्हणजे मात्रेला बरोबर १२ येतात. मात्र २४ चा तयार व्हिडिओ २५ वर नुसता पळवू नये. तो ४ टक्के जास्त वेगाने धावतो आणि सूर जवळपास पाऊण अर्धस्वर चढतो (सा ते कोमल रे म्हणजे एक अर्धस्वर). तयार कान असलेल्या श्रोत्याला ते लगेच खटकते.

तिहाईचे उदाहरण घ्या. एकच बोल तीनदा येतो आणि शेवटचा धा समेवर पडतो. पडद्यावरही एकच आकार तीनदा काढावा, पहिल्या दोन वेळा अपुरा सोडावा आणि तिसऱ्यांदा समेच्या एक-दोन फ्रेम आधी पूर्ण करावा. किंचित आधी पोचलेले चित्र डोळ्याला नेमके वाटते. प्रत्यक्ष गायनात लय वाढत जाते, तेव्हा ठेका कळणारा माणूसच पडद्याच्या कन्सोलवर (नियंत्रण फलकावर) हवा. समेचे बटण त्याने दाबावे.

जागेवरची चाचणी तर कुणी करतच नाही. एका फ्रेमचा पांढरा झोत आणि त्याच क्षणी ‘टक’ असा आवाज, सेकंदाला एकदा, असा मिनिटभराचा व्हिडिओ करावा. तो प्रेक्षकांच्या मधल्या रांगेतून फोनवर ६० फ्रेमने टिपून दोहोंतले अंतर मोजावे. आवाज आधी येत असेल तर मिक्सरवर त्याला डिले (मुद्दाम उशीर) द्यावा, मागे पडत असेल तर चित्राला. स्पीकर ३४ मीटर लांब असेल तर आवाजाला हवेतूनच दशांश सेकंद लागतो. आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी जाणवतो, उशीर मात्र १२५ पर्यंत खपून जातो, कारण निसर्गात प्रकाशच आधी पोचतो. आणि ताशाच्या तर्रीवर (सलग जलद वादनावर) पांढरे झोत कधीही जोडू नयेत. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट झाला तर काहींना फिट येऊ शकते, आणि मंडपात लहान मुले असतात.

या कलेची परंपरा मोठी आहे. कॅनडातील अ‍ॅनिमेटर नॉर्मन मॅकलॅरेन यांच्या १९७१ च्या ‘सिंक्रोमी’ या लघुपटात फिल्मच्या ध्वनिपट्टीवरचे पट्टेच रंगवून पडद्यावर आणले आहेत. पट्टे दाट झाले की सूर चढतो, रुंद झाले की आवाज वाढतो. ऐकू येते तेच दिसते. आपल्या मुंबईत प्रमोद पती यांनी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९६८ साली ‘एक्सप्लोरर’ हा प्रायोगिक लघुपट केला. चित्रकार अकबर पदमसी यांची १९७० च्या सुमाराची ‘सिझिजी’ ही अ‍ॅनिमेशन फिल्म तर पूर्ण मूक आहे, तरी तिच्या रेषांना लय आहे. पेडर रोडच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने या कृती जुलै-ऑगस्टमध्ये देखाव्यांच्या कारागिरांसाठी मोठ्या पडद्यावर दाखवाव्यात. आणि मंडळांनी ध्वनिफीत आदल्या रात्री न देता निदान महिनाभर आधी त्यांच्या हाती द्यावी, कारण तक्ता करायला तेवढा वेळ लागतोच.

– एक अ‍ॅनिमेटर, गोरेगाव